दोन ओळींत लिहा

तालुक्याहून तक्ता आलाय, आजच भरून पाठवायचा.
रकाना नववा :
मुख्याध्यापकांच्या नेतृत्व प्रशिक्षणाचा
शाळेवर झालेला परिणाम. दोन ओळींत लिहा.

बिरादार सर जूनमध्ये बदलून गेले.
प्रभारी म्हणून पेन आता माझ्या हातात.

दहा दिवस ते सांगलीला होते.
आम्ही तिघी इथं, जत तालुक्याच्या पार टोकाला,
जिथं विजापूरची एसटी आधी येते, सांगलीची आली तर येते,
म्हणत होतो : आता नवी रजिस्टरं, नवे फलक,
नवा दट्ट्या.
सर आले. खांद्याला प्रशिक्षणाची कापडी पिशवी,
पिशवीत कृष्णाकाठची वांगी.
आठवडाभर काही बोलले नाहीत.
आम्हाला वाटलं, आजारी आहेत.

मग एका सोमवारी ऑफिसातली खुर्ची उचलून
माझ्या दुसरीच्या वर्गात, मागे, खिडकीपाशी बसले.
मी टाचण विसरले.
पंचवीसमधून आठ गेले, उरले किती?
विचारलं, आणि नेहमीसारखं मीच सांगून टाकणार,
तोच त्यांनी तळहात वर केला.
आणि हळू, स्वतःशीच :
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...
सातापर्यंत मोजायचं ठरवून आले होते.
नऊ वर्षांत एवढी लांब शांतता
मी वर्गात राहूच दिली नव्हती.
सहाव्या अंकाला रेणुका हत्तळी उठली,
जी वर्षभर माझ्याकडे
भिंतीकडे बघावं तशी बघायची.
'हदिनेळु.'
मी सरांकडे पाहिलं. सतरा, ते म्हणाले.
पोरीला वजाबाकी येत होती.
मी वाळव्याची. मला पोरगी येत नव्हती.

पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात असायची.
ती त्यांनी खिळ्याला अडकवली,
पहिलीतल्या पोराचा हात पोचेल इतक्या खाली.
मी तोंडावर विरोध केला.
त्यांनी मनात मोजलं असावं, मग म्हणाले,
बरोबर आहे तुमचं. तरी बघू.
मार्चपर्यंत अकरा पुस्तकं गेली.
एक परत आलं बेदाण्याच्या शेडवरून,
पानाला पान चिकटलेलं, गंधकाच्या वासाचं.
त्या वासामागे सर शेडवर गेले,
आयांबरोबर तिकडे गेलेली सहा पोरं शोधली.
भाषण केलं नाही. मनुके निवडत बसले तासभर,
बायकांना विचारत, काय केलं तर पाठवाल?
चार आली.
उरलेल्या दोघांचं सर अजून फोन करून विचारतात.

सगळं सुधारलं असं मी लिहिणार नाही.
चाचणीचा आलेख चढला, मग घसरला.
संडासाचं दार अजून सुतळीनं बांधतो.
आवळे बाई म्हणतात,
दहा दिवस माणसाला नीट झोप मिळाली, एवढाच परिणाम.
असेलही.

निरोपाच्या दिवशी विचारलंच मी,
सर, तिथं शिकवलं तरी काय?
पेढा हातातच राहिला त्यांच्या.
'दुसऱ्या दिवशी कोरा कागद दिला.
म्हणाले, तुमच्या शाळेत ज्यांना वाचता येत नाही
त्या पोरांची नावं लिहा.
मला चार आठवली.
मग नुसती आडनावं लिहिली. मग वस्त्या.
मग खोडलं.'
थोड्या वेळानं :
'बाकीचे दिवस जेवण चांगलं होतं.'

तर रकाना नववा.
माझी चार नावं झाली, पाच, अकरा,
रकान्यात मावत नाहीत, समासात गेली.
तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन :
बाई, सगळ्यांचे तक्ते आले. तुमचं काय?
परिणाम काय झाला, सांगा पटकन.

ओंदु, मी मनात म्हटलं.
एरडु.
मूरु.
'हॅलो? हॅलो?
बरं, राहू दे,
मीच लिहितो, समाधानकारक.'